हिला निळी दिसतात

३ जून

डॉक्टर म्हणाले, रोज थोडं टिपून ठेवा. हिचं बोलणं, चालणं, काय आठवलं, कुठे अडखळली. महिन्यातून एकदा ते विचारतात आणि ऐन वेळी माझी पाटी कोरी, म्हणून हा खटाटोप. मी जन्मभर गिरणीच्या रंगखात्यात टाकीपाशी उभा राहून कापड रंगवलं. लिहिलं ते एवढंच, की पाणी किती तापलं आणि रंग किती पडला. वाक्यं लिहायची सवय नाही. पण वाचणार तरी कोण आहे!

मार्चमध्ये हिला मेंदूचा झटका आला. छोटा, असं डॉक्टर म्हणतात. दुसऱ्याच्या बायकोला आलेला झटका छोटाच असतो. सकाळी चहा गाळताना हिच्या हातून गाळणं पडलं आणि ही मला म्हणाली, "अहो, ते द्या ना... ते..." आणि पुढचा शब्दच येईना. मी समोर उभा, आणि ही डोळे मोठे करून माझ्याकडे बघतेय. पंधरवड्यात शब्द परत आले. उजवा पाय अजून जरा ओढते. तोंडाचा पट्टा मात्र पहिल्यासारखा सुरू झाला आहे, त्यासाठी मी देवाचे आभारच मानतो.

पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, दुसरा येऊ शकतो. कधीकधी आधी खुणा दिसतात. वस्तूंची नावं, माणसं, रंग, असं काहीबाही विचारत जा. चुकायला लागल्या तर मला कळवा."

६ जून

मागच्या खोलीच्या खिडकीशी हिची खुर्ची ठेवली आहे. तिथून हायड्रेंजियाची सगळी फुलझाडं दिसतात. कुंपणाच्या भिंतीलगत ती सगळी रांग हिनं कलमं लावून वाढवलेली. मी फक्त पाण्याच्या बादल्या वाहिल्या आणि शेजाऱ्यांसमोर मिरवलो.

प्रत्येक झाडाला हिनं नात्यातलं नाव दिलं आहे. सगळ्यात मोठं, गोल गोल डोक्यांचं, ते सासूबाई. दुपारी ऊन लागलं की मूर्च्छा आल्यासारखी मान टाकतात, संध्याकाळी दोन बादल्या ओतल्या की काही झालंच नाही अशा ताठ. कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपामागची थोरली जाऊ. तिच्या फुलाच्या मधे नुसते मण्यांसारखे बारीक दाणे आणि कडेनं पाकळ्यांची झालर. दाराजवळची पांढऱ्या शंकूंची, ती नणंद. बाकीच्यांचा रंग मातीवर ठरतो, माती आंबट असली की निळा आणि चुन्याची असली की गुलाबी. नणंदेला काहीही घाला, ती ढिम्म हलत नाही. मोसम संपताना मात्र आपल्या मर्जीनं गुलाबी होते.

आमची माती मुळात चुन्याची. ही दर वर्षी थंडी सरताना चहाचा चोथा, वाळकी पानं आणि चमचाभर तुरटी घालून तिला वठणीवर आणते. पहिल्यांदा तुरटी घालताना बघितलं तेव्हा मी हसून लोळलो होतो. रंगखात्यात तुरटीवाचून पान हलत नसे. कापडानं रंग धरावा म्हणून आम्ही ती पोत्यांनी ओतायचो. "तुमचं आणि माझं एकच दुकान," असं ही म्हणाली होती. या वर्षी मार्च असा गेला, त्यामुळे तुरटी राहिली.

९ जून

एक गंमत. आज पेपर चष्म्याशिवाय वाचला. अगदी बारीक अक्षरंसुद्धा. चष्मा लावला की उलट धूसर! हिला म्हटलं, "बघ, म्हातारपणी नजर तरुण झाली." ही म्हणाली, "नजर झाली, बाकीच्याचं काय?" म्हणजे डोकं शाबूत आहे.

नवीन आणलेले दिवे मात्र भिकार. सगळ्या घरात पिवळट उजेड. दुकानदाराला परत नेऊन दिले. त्यानं दुसरे दिले, तेही तसेच.

१३ जून

सासूबाईंचं पहिलं फूल उमललं. मी ते तोडून हिच्यासमोर धरलं आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सहज विचारलं, "कोणता रंग?"

"निळा. काय विचारताय? तुमचाच तर रंग."

गिरणीत मला निळे मास्तर म्हणायचे. निळ्याच्या दोन छटा दुसऱ्याला सारख्या दिसायच्या तिथे मला पाच दिसायच्या. माझ्या हातातलं फूल निळं नव्हतं. करडं होतं, थोडी तपकिरी झाक असलेलं. चुलीतली राख ओली झाली की होते तसं.

मी पुन्हा विचारलं. "नीट बघ. निळा?"

"अहो, निळा निळा निळा. आता लिहून देऊ का?"

मी हसलो, आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

१४ जून

बादली लाल म्हणाली. लिंबू पिवळं. माझा सदरा खाकी. सगळं बरोबर. मग फूल दाखवलं, तर पुन्हा निळं. फक्त निळ्यात चुकते. असं होतं का? डोक्यातला एवढाच एक कप्पा बंद पडतो का? कुणाला विचारू? आमच्या मुलीला फोन केला तर ती परदेशातलं सगळं टाकून धावत येईल आणि हिला कळेल.

१६ जून

फुलं का पालटली ते कळलं. भिंतीपलीकडे नवं बांधकाम चाललंय. सिमेंटचं पाणी झिरपून इकडे येतंय, त्यात चुना. त्यात या वर्षी तुरटी नाही, म्हणून ना धड निळा ना धड गुलाबी असा मळका रंग. कारण सापडलं म्हणून बरं वाटायला हवं होतं. पण फुलं का करडी झाली हा प्रश्नच नाही. करडी फुलं हिला निळी का दिसतात, हा प्रश्न आहे.

खिडकीत बसून स्वतःशी म्हणत होती, "यंदा काय रंग धरलाय बायांनी!" मला तिकडे बघवेना.

१९ जून

डॉक्टरांकडे गेलो. निघताना ठरवलं होतं की सगळं सांगायचं. तिथे खुर्चीत बसलो आणि फक्त हिच्या पायाबद्दल बोललो. सांगितलं तर पुन्हा त्या मोठ्या यंत्रात घालतील, ठेवून घेतील, आणि मी रिकाम्या घरी येईन. मागच्या खेपेला ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

त्यांनीच खिशातलं पेन काढून हिला विचारलं, "काकू, टोपण कोणत्या रंगाचं?"

"निळं."

"छान!"

टोपण काळं होतं. डॉक्टर तेव्हा कागदावर काहीतरी खरडत होते, त्यांचं लक्षच नव्हतं. एवढा शिकलेला माणूस, पण कामात असा निष्काळजी. मी गप्प राहिलो. भ्याडासारखा गप्प राहिलो, हे इथे तरी लिहितो.

२१ जून

काल पडल्या पडल्या सुचलं. फुलं खरंच निळी झाली तर? मग ही चुकीची ठरणार नाही. डॉक्टर येवोत, मुलगी येवो, खिडकीतून बघतील आणि म्हणतील, हो, निळी. कुणाला काही कळायचं नाही, आणि हिलाही नाही.

बारक्याला फोन करून तुरटी मागवली. बारक्या म्हणजे माझ्या हाताखाली तयार झालेला, आता रंगखातं तोच बघतो. माणूस पाठवून त्यानं पोतंच धाडलं. "मास्तर, एवढ्या तुरटीचं करणार काय?" "लोणचं घालणार," असं म्हणून फोन ठेवला.

ही दुपारी झोपली तेव्हा घमेल्यात कालवून प्रत्येक झाडाला दिली. एक थोरली जाऊ राहिली, पिंपामागे वाकवत नाही.

२६ जून

फरक नाही. पुन्हा दिली, या वेळी जरा दाट.

मला ठाऊक आहे ही काय म्हणाली असती. पूर्वी एकदा मी घाई केली तेव्हा म्हणाली होती, "माती म्हणजे तुमची टाकी नव्हे. आज टाकलं की उद्या रंग चढत नाही. उमललेलं फूल तसंच राहतं, पुढच्या वर्षीचं पालटतं." पण पुढच्या वर्षापर्यंत थांबायला वेळ कुणाकडे आहे? टाकीत रंग कमी आला की आणखी टाकायचा, मी हेच शिकलो.

१ जुलै

बारक्यानं गिरणीत बोलावलं. एका गिऱ्हाइकाशी दोन नमुन्यांवरून वाद होता, निवाडा मास्तरांनी करावा म्हणे. छाती फुगली. रंग पारखायच्या पेटीतल्या दिव्याखाली दोन्ही तुकडे धरले आणि क्षणात सांगितलं, डावा मूळ नमुन्याला जुळतो, उजवा नाही. गिऱ्हाइकानं बारक्याकडे बघितलं, बारक्यानं जमिनीकडे.

मग तो म्हणाला, "मास्तर, आलाच आहात तर नव्या लोकांना चकत्या लावून दाखवता का?" आमच्या खात्यात कामावर घेताना प्रत्येकाला ही परीक्षा असते. रंगीत चकत्यांची पेटी असते, निळ्यापासून हिरव्यापर्यंत छटेच्या क्रमानं लावायच्या, मग उलटून मागचे आकडे बघायचे. मी कधी एक चकती इकडची तिकडे केली नाही. आजही झरझर लावल्या. बारक्यानं एकेक उलटून आकडे बघितले आणि पेटी पटकन मिटली. "बरोबर आहे, मास्तर." त्याचे डोळे भरून आले होते. जुनी माणसं बघितली की गहिवरतो बिचारा.

दारापर्यंत सोडायला आला. उंबऱ्याशी मी ठेचकाळलो तर दंड धरला. "मास्तर, डोळे दाखवलेत का कधी?" मी म्हटलं, "अरे, मी पेपर चष्म्याशिवाय वाचतो! तू तुझे दाखव."

५ जुलै

मेव्हणी आली आहे, हिची धाकटी बहीण. आल्या आल्या खिडकीशी जाऊन ओरडली, "ताई, काय गं निळी फुललीत!"

मला बरं वाटलं. मनाची मोठी आहे. तिला ओसरीत गाठून हळूच म्हटलं, "तू हिचं मन राखतेस ते ठीक आहे, पण डॉक्टरांनी सांगितलंय, चूक झाली तर लपवायची नाही."

"कसली चूक, भावोजी?"

"फुलं करडी आहेत. हिला निळी दिसतात."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "भावोजी, मलापण निळीच दिसतात."

"हे बघ, माझ्यासमोर नाटक नको. मी जन्मभर निळा रंग केलाय."

ती आत निघून गेली. निळ्या रंगाचा विषय निघाला की माझ्यापुढे बोलायची कुणाची टाप नसते. पण नंतर दोघी बहिणी बराच वेळ दार लोटून बोलत होत्या, आणि बाहेर आली तेव्हा हिचा चेहरा उतरलेला होता. मेव्हणीनं काहीबाही सांगितलं असणार. आता हिला कळलं की मी तिची परीक्षा घेतो.

८ जुलै

मेव्हणी गेली. जाताना मला म्हणाली, "भावोजी, तिला असं रोज रोज विचारू नका. घाबरते ती." ती घाबरते? आणि मी काय करतो इथे?

१२ जुलै

आज नीट लिहितो, कारण आज चांगला दिवस आहे.

विचारणार नव्हतो. पण राहवलं नाही. फूल हिच्या हातात दिलं. तिनं फुलाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, बराच वेळ. मग परत फुलाकडे.

"करडं," ती म्हणाली.

"काय?"

"करडं आहे. नाही का? इतके दिवस मीच चुकत होते."

मला रडू कोसळलं. हिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि म्हणत होती, "झालं, झालं. आता नाही चुकणार." तो बंद पडलेला कप्पा उघडला! संध्याकाळी दोघांनी मिळून जुनी गाणी ऐकली. ती गात मात्र नव्हती.

१६ जुलै

आता हिला चांगलं समजतं. विणायला लोकर निवडायची तर आधी मला विचारते, "अहो, ही कोणती?" मी सांगतो, ती मान डोलावते. पूर्वी माझं एक ऐकायची नाही.

फक्त आज जेवताना म्हणाली, "मी भाजीत मीठ घातलं का हो?" माझ्यासमोर घातलं होतं. थोड्या वेळानं, "गॅस बंद केला ना मी?" केला होता. पुन्हा उठून बघून आली, पाय ओढत.

२० जुलै

काल संध्याकाळी सासूबाई उठल्या नाहीत. यंदा पावसानं ओढ दिलीय, म्हणून चार बादल्या ओतल्या. पानांच्या कडा कुरकुरीत झाल्यात, हातात घेतलं की चुरा होतो. त्यांच्या पलीकडच्या दोघींचंही तेच.

सिमेंट! भिंत ओलांडून मुकादमाला धरलं. चांगला फैलावर घेतला. तो म्हणाला, "काका, सिमेंट अजून आलंच नाही. आम्ही महिनाभर नुसतं खणतोय." खोटारडा. मी आत डोकावलो, खड्डाच होता. पण सिमेंट लपवून ठेवता येतं.

परत येताना भिंतीची कड दिसली नाही, गुडघा फुटला.

२७ जुलै

लोकर पेटीत घालून पेटी माळ्यावर ठेवायला सांगितली. "का गं?" तर म्हणाली, "मला नाही जमायचं आता. रंगाचा घोळ होतो." फोन वाजला तर उचलत नाही, कारण कुणाचा आवाज ओळखला नाही तर काय, असं म्हणते. शेजारीण आली तेव्हा पडून राहिली. दिवसभर खिडकीशी बसते, पण बाहेर बघत नाही.

म्हणजे रंग सुधारला आणि बाकीचं चाललं. भीती वाटते. ही समोर बसलेली असते आणि मला वाटतं, मार्चमध्ये जे गाळणं पडलं ते अजून पडतंच आहे. मी एकटा काय करू?

३ ऑगस्ट

डॉक्टरांकडे गेलो होतो. आज लिहायलाच हवं.

मी सगळं सांगितलं. निळी म्हणायची, मग करडी म्हणायला लागली, मग मीठ, गॅस, फोन, लोकर. डॉक्टरांनी हिचे हात दाबून बघितले, चालवून बघितलं, आकडे उलटे म्हणून घेतले. सगळं तिनं बरोबर केलं, पण इतक्या बारीक आवाजात की त्यांना पुढे वाकावं लागलं. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"काकू, टोपण कोणत्या रंगाचं?"

हिनं पेनाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

डॉक्टर थांबले. म्हणाले, "काका, तुम्ही सांगा."

"काळं."

मग ते उठले आणि टेबलावरचा दिवा माझ्या डोळ्यांवर वळवला. माझ्या. हिच्या नव्हे. एक डोळा, मग दुसरा. "काका, हे टोपण निळं आहे," ते म्हणाले. "चांगलं गडद निळं."

तिथूनच शेजारच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. डोळ्यातलं भिंग तपकिरी झालंय, म्हणजे मी चहाच्या पाण्यातून जग बघतोय आणि निळा सगळ्यात आधी त्यात बुडतो. मी म्हटलं, "पण पेपर मी चष्म्याशिवाय वाचतो!" बाई म्हणाल्या, "त्यावरूनच ओळखायचं असतं. भिंग घट्ट झालं की काही दिवस जवळचं बरं दिसतं. सगळे असेच खूश होतात."

घरी येताना रिक्षात हिला म्हटलं, "ऐकलंस ना? तू बरोबर होतीस." ती म्हणाली, "हो का?" आणि रस्त्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं ती ओरडेल, निदान एक टोमणा मारेल.

आणि झाडं. ती मी मारली. पोतंभर तुरटी, निरोगी झाडांच्या मुळांवर, निळ्या फुलांना निळं करायला. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

१० ऑगस्ट

बारक्या आला होता. चकत्यांचं खरं सांगून टाकलं त्यानं. सगळा निळा उलटसुलट लावला होता मी. "मास्तर, तुमच्यासमोर कसं बोलू?" म्हणाला. कुणी बोललंच नाही. मेव्हणी बोलली, तर मी तिला गप्प केलं. माझ्यापुढे कुणाची टाप नसते, असं मी मोठ्या ऐटीत लिहिलंय वर. हिचीही नव्हती.

डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. तोवर मी हिला एकही रंग विचारत नाही. तीही बोलत नाही. मीठ घालते, झाकण ठेवते, पुन्हा उघडून बघते.

१४ सप्टेंबर

उजव्या डोळ्याची पट्टी सुटली. पहिल्यांदा दिसला तो डॉक्टरीणबाईंचा हातमोजा. निळा. असा निळा, की मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

घरी आलो. घराच्या भिंती पांढऱ्या आहेत, मला वाटत होतं दिव्यांचा दोष. मागच्या खोलीत गेलो. खिडकीतून सासूबाई दिसल्या. वाळक्या काटक्या, त्यांना चिकटलेली काळपट पानं, आणि कुजून तपकिरी झालेली डोकी. पलीकडची दोन्ही तशीच. नणंद खाली कलंडलेली. एकेक पान स्पष्ट दिसत होतं. मी केलेलं सगळं मला लख्ख दिसत होतं, आणि डोळा मिटून घ्यायला बाईंची परवानगी होती, पण मी मिटला नाही.

पिंपामागे थोरली जाऊ जिवंत होती. माझ्या तुरटीतून वाचलेली. उशिरानं आलेलं एक फूल तिच्यावर होतं. गुडघा टेकून ते तोडलं आणि हिच्या हातात दिलं. विचारलं काहीच नाही. समोर बसून सगळं सांगितलं. तुरटी का घातली, कधी घातली, झाडं कुणी मारली. तू निळी म्हणायचीस, म्हणून ती निळी करायची होती, हेही सांगितलं.

ती ऐकत होती. फूल मांडीवर होतं. मग म्हणाली, "तुम्हाला एक सांगू? त्या दिवशी मी करडं म्हणाले ना, तेव्हा मला निळंच दिसत होतं."

"मग करडं का म्हणालीस?"

"तुमचं तोंड बघवेना. रोज फूल घेऊन यायचात आणि असे घाबरून उभे राहायचात. म्हटलं, म्हणून टाकावं एकदा, ह्यांचा जीव तरी खाली पडेल."

मी तिच्या आणखी जवळ सरकलो.

"पण नंतर ना," ती म्हणाली, अगदी हळू, "नंतर नंतर मला खरंच करडी दिसायला लागली. मला कळेनासं झालं हो, की मी खोटं बोलतेय की मला तसंच दिसतंय. मग मीठ, मग गॅस. सगळंच." तिनं फूल उचलून उजेडाकडे धरलं. "आता तुमचा डोळा बरा झालाय. तुम्हीच सांगा."

"नाही," मी म्हटलं. "मी नाही सांगणार."

मी समोर बसून राहिलो, आणि जन्मात पहिल्यांदा असेल, तोंड बंद ठेवलं. तिनं फूल फिरवून बघितलं. मधले दाणे बघितले, कडेची झालर बघितली. एकदा माझ्याकडे मान वळवली, तेव्हा मी खाली बघितलं, माझ्या चेहऱ्यावरून तिला काही कळू नये म्हणून. जेवणाची वेळ झाली आणि टळली. आता मी हे लिहितोय, आणि ती अजून खिडकीशी फूल धरून बघते आहे.